गाडीवर गोळ्या झाडल्या, कुत्र्यासाठी जेट मागवलं : एल्विस प्रेस्लीच्या घरातली गोष्ट

पिवळ्या रंगाची एक स्पोर्ट्स कार. इतकी बसकी, की शेजारी उभं राहिलं तर टप आपल्या कमरेच्या जरासाच वर येतो. बांधणी इटलीची, इंजिन अमेरिकन फोर्डचं आणि तेही ड्रायव्हरच्या पाठीमागे. मालकाने किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली नाही. पुन्हा फिरवली, तरी ढिम्म.

अशा वेळी आपण काय करतो? बॉनेट उघडून बघतो, मेकॅनिकला फोन लावतो, फारच डोकं फिरलं तर टायरला एक लाथ घालतो. या मालकाने पिस्तूल काढलं आणि गाडीवर गोळ्या झाडल्या.

याच माणसाच्या घरातला एक कुत्रा १९७५ साली आजारी पडला. किडनीचं दुखणं होतं. तेव्हा याने खास जेट विमान ठरवलं आणि कुत्र्याला शेकडो मैल लांब, बॉस्टनच्या बाजूला प्राण्यांच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं.

हा माणूस म्हणजे एल्विस प्रेस्ली. रॉक अँड रोलचा राजा. आपल्याकडे शम्मी कपूर पडद्यावर अंग घुसळायला लागला तेव्हा त्याला भारताचा एल्विस म्हणायचे, तोच हा मूळ एल्विस.

त्याची गाणी, त्याचे कपडे, त्याचे केस यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण त्याच्या घरात दोन गोष्टी शेवटपर्यंत येत राहिल्या, गाड्या आणि कुत्री. त्यांच्या मागे मागे गेलं की एल्विसचं काय चुकत गेलं तेही कळतं.

सगळं सामान एका जुन्या गाडीत

८ जानेवारी १९३५ ला मिसिसिपी राज्यातल्या ट्युपेलो गावात एल्विसचा जन्म झाला. घर दोन खोल्यांचं. वडील व्हर्नन यांनी १८० डॉलर उसने घेऊन ते बांधलं होतं. एल्विसच्या आधी त्याचा जुळा भाऊ जन्मला, पण तो मृतच होता. त्यामुळे आई ग्लॅडिसचा सगळा जीव या एकट्या पोरावर.

एल्विस तीन वर्षांचा असताना वडिलांना तुरुंगात जावं लागलं. चेकवरच्या रकमेत फेरफार केल्याची केस होती. घरही हातातून गेलं.

१९४८ साली प्रेस्ली कुटुंबाने ट्युपेलो सोडलं. होतं नव्हतं ते सामान एका जुन्या प्लायमाउथ गाडीत कोंबलं आणि मेम्फिस गाठलं. तिथे सरकारी स्वस्त घरांच्या वसाहतीत राहू लागले. शाळा संपल्यावर एल्विस एका इलेक्ट्रिक कंपनीचा ट्रक चालवायला लागला.

म्हणजे गाडी ही त्याच्यासाठी नुसती हौस नव्हती. कर्ज, तुरुंग आणि भाड्याच्या खोल्यांतून बाहेर काढणारी वस्तू म्हणजे गाडी, हे त्याने लहानपणीच पाहिलं होतं.

आईला लायसन्स नव्हतं, तरी तिच्यासाठी कॅडिलॅक

जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये त्याचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं आणि चक्रं फिरली. पुढच्याच वर्षी त्याच्याकडे गुलाबी कॅडिलॅक आली. ती दौऱ्यावर असतानाच अर्कान्सस राज्यात रस्त्यावर जळून खाक झाली. मग त्याने दुसरी घेतली, तीही गुलाबी रंगवून घेतली आणि ती आईला दिली.

गंमत म्हणजे ग्लॅडिसला गाडी चालवता येत नव्हती. तिच्याकडे लायसन्सच नव्हतं. पण मुद्दा चालवण्याचा नव्हताच. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या बघितल्या तिच्या दारात स्वतःची गाडी उभी असावी, एवढंच पोराला हवं होतं. पुढे एल्विसने शेकडो गाड्या घेतल्या, वाटल्या, मोडीत काढल्या. ही गुलाबी कॅडिलॅक मात्र त्याने शेवटपर्यंत ठेवली.

आईला त्याने एक छोटा कुत्राही आणून दिला. त्याचं नाव स्वीट पी. पोरगा दौऱ्यावर आणि शूटिंगवर असताना आईला सोबत असावी, हा हिशोब.

कुत्र्यासमोर गायला लावलं तेव्हा

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर १ जुलै १९५६ ची रात्र सांगायलाच हवी.

एल्विसच्या नाचावर तेव्हा अमेरिकेत गदारोळ सुरू होता. पोरगा कंबर हलवतो, पिढी बिघडवतो, अशी ओरड होती. टीव्हीवरचा होस्ट स्टीव्ह अॅलन याने त्यातून पळवाट काढली. एल्विसला लांब शेपटांचा काळा कोट घालून उभं केलं, समोर एक बॅसेट हाउंड कुत्रा बसवला, त्याच्या डोक्यावर टोपी चढवली आणि एल्विसला 'हाउंड डॉग' हे गाणं त्या कुत्र्याकडे बघून गायला लावलं.

मुळात हे गाणं कुत्र्याबद्दल नाहीच. बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने ते आधी गायलं होतं आणि त्यातला हाउंड म्हणजे बाईच्या जिवावर जगणारा आयतोबा पुरुष. टीव्हीवाल्यांनी त्याचा शब्दशः अर्थ घेऊन विनोद केला.

एल्विसला हा प्रकार आवडला नव्हता. पण त्याने राग कुत्र्यावर काढला नाही. गाता गाता तो त्याला गोंजारत राहिला. दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत जाऊन त्याने हे गाणं रेकॉर्ड केलं आणि ते जगभर गाजलं.

त्या वेळेपर्यंत त्याचा मॅनेजर झाला होता कर्नल टॉम पार्कर. पार्कर आधी जत्रांमध्ये काम करायचा आणि १९४० च्या सुमारास फ्लोरिडातल्या टँपा शहरात भटक्या जनावरांचा निवारा सांभाळायचा. तिथे त्याने पाळीव प्राण्यांचं कब्रस्तानही सुरू केलं होतं. लोकांच्या मायेतून पैसे कसे काढायचे, हे तो तिथेच शिकला असणार.

दोन अडीच वर्षांत ग्रेसलँड, आणि मग आई गेली

मार्च १९५७ मध्ये एल्विसने मेम्फिसच्या बाहेर ग्रेसलँड नावाचा बंगला घेतला. किंमत १ लाख २ हजार ५०० डॉलर. भोवती जवळपास १४ एकर जागा. वय वर्षं २२. आई तिथेही कोंबड्या पाळायची. घर मोठं झालं होतं, माणसं गावाकडचीच होती.

मार्च १९५८ मध्ये एल्विसला सक्तीच्या लष्करी सेवेत जावं लागलं. त्याच वर्षी १४ ऑगस्टला ग्लॅडिस गेली. वय अवघं ४६. एल्विस कोलमडला. पण लष्कराची सुट्टी मोजकीच असते. ऑक्टोबरमध्ये तो जर्मनीत हजर झाला.

लिपस्टिकमुळे रंग बदललेली गाडी

जर्मनीत वडील आणि आजीही त्याच्यासोबत आले होते. बाड नाउहाइम गावात घर भाड्याने घेतलं आणि तिथून तो जवळच्या फ्रीडबर्गच्या छावणीत ड्युटीला जायचा. जायचा कशाने? तर बीएमडब्ल्यू ५०७ ने.

ही गाडी काय चीज होती ते समजून घ्यायला हवं. दोन सीटची, उघडी, लांबलचक बॉनेटची, जमिनीला लागून पळणारी. ३.२ लिटरचं व्ही-८ इंजिन. अमेरिकन श्रीमंतांना डोळ्यांसमोर ठेवून ती काढली होती, पण बनवायला इतका खर्च आला की किंमत ठरवल्यापेक्षा कितीतरी वर गेली आणि गिऱ्हाईक पळालं. जेमतेम अडीचशेच्या आसपास गाड्या बनल्या. या तोट्याचाही हात लागून बीएमडब्ल्यू कंपनी १९५९ साली विकली जाण्याच्या बेतात आली होती.

एल्विसची ५०७ पांढरी होती आणि त्याच्याआधी ती हान्स श्टुक या नावाजलेल्या रेसरने शर्यतींत पळवली होती. छावणीबाहेर पोरींची गर्दी असायची. त्या गाडीवर लिपस्टिकने निरोप लिहून जायच्या. रोज पुसून पुसून वैताग आला, तेव्हा एल्विसने सरळ गाडीच लाल रंगवून घेतली. आता लिपस्टिक दिसायचा प्रश्नच मिटला.

ही गाडी पुढे अमेरिकेत गेली, हात बदलत गेली, तिचं मूळ इंजिनही कुणी काढून टाकलं. नंतर अनेक वर्षं ती कॅलिफोर्नियात भोपळे साठवण्याच्या एका गोदामात पडून होती. अखेर बीएमडब्ल्यूने ती म्युनिकला नेऊन जवळपास दोन वर्षं खपून पुन्हा उभी केली आणि २०१६ साली लोकांसमोर आणली. रंग दिला तो मूळचा पांढरा.

जर्मनीतच १९५९ मध्ये एल्विसला प्रिसिला भेटली. तो २४ वर्षांचा आणि ती फक्त १४. वयातल्या या फरकावर तेव्हा जितकं बोलायला हवं होतं तितकं बोललं गेलं नाही, आज बोललं जातं. १९६२ च्या नाताळात ती ग्रेसलँडला आली तेव्हा त्याने तिला पूडल जातीचं पिल्लू भेट दिलं. नाव हनी. १९६७ मध्ये त्यांचं लग्न झालं, १९६८ मध्ये मुलगी लिसा मरी झाली.

पडद्यावर रेसर, घरात पाळणाघर

लष्करातून परतलेल्या एल्विसला पार्करने सिनेमांच्या घाण्याला जुंपलं. वर्षाला दोन दोन, तीन तीन सिनेमे. त्यात गाडी ठरलेली. 'ब्लू हवाई' मध्ये तो लाल एमजी चालवतो. 'व्हिवा लास व्हेगास', 'स्पिनआउट' आणि 'स्पीडवे' या तिन्ही सिनेमांत तर तो थेट रेसिंग ड्रायव्हर आहे.

गंमत बघा. पडद्यावर स्टिअरिंग त्याच्या हातात असायचं, पण कुठला सिनेमा करायचा, कुठलं गाणं गायचं, कुठे कार्यक्रम करायचा हे ठरवायचा पार्कर. १९५७ मधले कॅनडातले मोजके शो सोडले तर एल्विसने अमेरिकेबाहेर कधी कार्यक्रमच केला नाही. पार्कर स्वतः नेदरलँड्सहून कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेला होता, परदेश प्रवास त्याला अडचणीचा होता. पुढे तर एल्विसच्या कमाईतला निम्मा वाटाही पार्करकडे जाऊ लागला.

घरी मात्र राजाचा दरबार. भोवती मित्रांचा गोतावळा, त्यातले बहुतेक पगारावर. घोडे आले, कुत्री आली. बाबा नावाची कोली होती. सत्तरच्या दशकात ब्रूटस आणि स्नूपी हे दोन ग्रेट डेन आले. उभे राहिले तर माणसाच्या खांद्याला लागतील एवढे धिप्पाड. गेटलो हा चाऊ चाऊ होता, सिंहासारखी आयाळ आणि निळसर जीभ असलेला.

एडमंड नावाचा छोटासा पोमेरेनियन होता. त्याची मात्र एल्विसच्या आत्याशी, डेल्टाशी, जास्त गट्टी जमली. नवरा वारल्यावर ही आत्या ग्रेसलँडलाच राहायला आली होती. मग एल्विसने एडमंड तिलाच देऊन टाकला.

एल्विसचं दिवसाचं गणित उलटं होतं. दिवसा झोप, रात्री जाग. बाहेर पडलं की गर्दी अंगावर यायची, म्हणून तो थिएटर आणि जत्रेचं मैदान अख्खं रात्रीपुरतं भाड्याने घ्यायचा. मेम्फिसच्या रिकाम्या रस्त्यांवर रात्री गाडी काढणं हीच त्याची मोकळीक होती.

चौदा कॅडिलॅक आणि एक आजारी कुत्रा

१९७३ मध्ये प्रिसिलाशी घटस्फोट झाला. त्याच्या आदल्या वर्षापासून लिंडा थॉम्पसन त्याच्या आयुष्यात आली होती. सुरुवातीला सांगितलेली पिवळी डी टोमासो पँटेरा त्याने १९७४ मध्ये जुनी, साधारण २,४०० डॉलरला घेतली, ती लिंडासाठीच. ती गाडी वेगाला जबरदस्त आणि सुरू व्हायला लहरी. तिच्यावर झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा आजही तिच्यावर आहेत. आता ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयाकडे आहे.

जुलै १९७५ मध्ये त्याने मेम्फिसच्या एका शोरूममधून एका दिवसात १४ कॅडिलॅक घेतल्या आणि वाटून टाकल्या. त्यातली एक तर शोरूमबाहेर गाड्या बघत उभ्या असलेल्या अनोळखी बाईला दिली. वडील व्हर्नन हिशोब सांभाळायचे, बिलं बघून त्यांच्या पोटात गोळा यायचा. पण पोराला नाही म्हणणार कोण?

आणि याच उन्हाळ्यात गेटलो आजारी पडला.

एल्विसने काय केलं ते वर आलंच आहे. जेट ठरवलं, लिंडा सोबत गेली, गेटलोला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्राण्यांच्या संस्थेत दाखल केलं. तिथे त्याच्यावर कित्येक आठवडे उपचार चालले. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं पाळलं गेलं. गेटलो परत आला, पण फार जगला नाही.

आता त्याच ऑगस्टमध्ये मालकाचं काय चाललं होतं ते बघा. लास व्हेगासमधले शो त्याला तब्येतीमुळे मध्येच सोडावे लागले आणि तो मेम्फिसच्या हॉस्पिटलमध्ये भरती झाला. वजन वाढलेलं, आतड्यांचा त्रास, झोपेसाठी गोळ्या, जागं राहायला गोळ्या. हॉस्पिटलमधून तो घरी आला आणि पुन्हा तेच सुरू झालं.

त्याच्या खासगी डॉक्टरांनी १९७७ च्या पहिल्या आठ महिन्यांत त्याच्या नावावर गोळ्या आणि इंजेक्शनांचे हजारो डोस लिहून दिले होते. पुढे त्यावरून चौकशी झाली आणि अनेक वर्षांनी का होईना, त्यांचा परवाना गेला.

सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. कुत्रा आजारी पडला तेव्हा घरात सगळ्यांना कळलं की हा पेशंट आहे, याला तज्ज्ञाकडे न्यायला हवं. एल्विस आजारी होता तेव्हा भोवतीच्या माणसांसाठी तो पेशंट नव्हता, तो पगार देणारा मालक होता, पुढच्या दौऱ्याची तिकिटं होता. त्याला अडवणारी एकच व्यक्ती होती, आई, आणि ती जाऊन १७ वर्षं झाली होती. त्याने गाड्या वाटल्या, घरं दिली, दागिने दिले. त्या बदल्यात त्याला सगळं मिळालं, फक्त नकार मिळाला नाही.

यात सगळा दोष इतरांचा होता असंही नाही. ज्यांनी टोकायचा प्रयत्न केला त्यांना त्याने लांब केलं. न चालणाऱ्या गाडीवर जो गोळी झाडतो, त्याच्यासमोर कडू बोलायला कोण धजावणार?

शेवटची फेरी

१९७६ मध्ये लिंडाही निघून गेली. त्याच वर्षी एल्विसने एक जुनी फेरारी डिनो घेतली. पण शेवटी शेवटी त्याची आवडती गाडी होती १९७३ ची स्टुट्झ ब्लॅकहॉक. लांब नाक, बसकं छप्पर, आत लाल लेदर आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या. स्टुट्झच्या अशा अनेक गाड्या त्याने घेतल्या होत्या.

१५ ऑगस्ट १९७७ ला रात्री उशिरा तो दातांच्या डॉक्टरकडे गेला. मध्यरात्र उलटून गेल्यावर ब्लॅकहॉक ग्रेसलँडच्या गेटमधून आत वळली तेव्हा बाहेर थांबलेल्या चाहत्याने फोटो काढला. स्टिअरिंगवर एल्विस स्वतः होता. तो त्याचा जिवंतपणीचा शेवटचा फोटो ठरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाथरूममध्ये पडलेला सापडला. वय फक्त ४२. आईच्या मृत्यूला १९ वर्षं आणि दोन दिवस झाले होते. अंत्ययात्रेत पुढे पांढऱ्या कॅडिलॅकची रांग होती.

त्याच्यामागे जगाला वाटत होता तेवढा पैसा उरला नव्हता. १९७३ मध्येच पार्करने त्याच्या जुन्या गाण्यांचे हक्क रेकॉर्ड कंपनीला ५४ लाख डॉलरला विकून टाकले होते आणि त्यातलाही निम्म्याच्या आसपास वाटा स्वतः घेतला होता. ग्रेसलँड सांभाळायचा खर्चच वर्षाला सुमारे ५ लाख डॉलर होता. घर विकायची वेळ आली तेव्हा प्रिसिलाने ते मुलीसाठी राखलं आणि जून १९८२ मध्ये लोकांना बघायला खुलं केलं. आज तिथे गुलाबी कॅडिलॅक, लाल एमजी, डिनो आणि ब्लॅकहॉक बघायला जगभरातून लोक येतात.

पण सुरुवातीला पर्यटकांना घराचं स्वयंपाकघर दाखवलं जायचं नाही. कारण तिथे अजून घरचं माणूस राहत होतं. एल्विस गेल्यावरही डेल्टा आत्याने घर सोडलं नव्हतं आणि एडमंडही तिच्याकडेच राहिला. आत्या १९९३ मध्ये वारली. त्यानंतरच ते दार लोकांसाठी उघडलं.